डोंगरापलीकडची धावपट्टी: मिशनरी वैमानिकांच्या धावपळीमागचा इतिहास

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात मिशनच्या वैमानिकाची घाई पहाटेच सुरू होते. दुपारनंतर दऱ्यांत ढग दाटतात, म्हणून जमतील तेवढ्या फेऱ्या सकाळीच उरकायच्या. जाताना तांदूळ, मीठ, शाळेची पुस्तके. येताना कॉफीची पोती. मध्येच रेडिओवर निरोप येतो की अमुक वस्तीवर एक बाई अडली आहे, आणि आठवड्याचे सगळे वेळापत्रक विस्कटते. मालाबरोबर माणसांचेही वजन करतात, कारण डोंगरउतारावरच्या आखूड धावपट्टीवर किलोकिलोचा हिशेब लागतो. तिथे उतरायचे ते चढाच्या दिशेने आणि निघायचे उताराच्या दिशेने.

धर्मप्रसाराच्या कामात विमान आले ते अंतरांमुळे, आणि त्या अंतरांनी घेतलेल्या बळींमुळे. जर्मनीचे पॉल शुल्ट पहिल्या महायुद्धात वैमानिक होते, पुढे कॅथलिक धर्मगुरू झाले. त्यांचे मित्र ओटो फुरमन आफ्रिकेत आजारी पडले आणि वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावले. शुल्ट यांनी 1927 मध्ये ‘मिवा’ ही संस्था काढली. मिशनऱ्यांना मोटारी, बोटी आणि विमाने पुरवायची, एवढाच तिचा उद्देश. 1938 मध्ये त्यांनी स्वतः कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशातून एका आजारी मिशनऱ्याला विमानाने बाहेर काढले. मित्रासाठी जे करता आले नाही, ते त्यांनी दुसऱ्या एका माणसासाठी केले.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट एका पत्रापासून सुरू होते. क्लिफर्ड पील या वैद्यकीय विद्यार्थ्याने 1917 मध्ये प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक जॉन फ्लिन यांना लिहिले, की ओसाड अंतर्भागातल्या रुग्णांपर्यंत डॉक्टर विमानाने पोचवता येईल. पुढच्याच वर्षी पील युद्धात मारला गेला. फ्लिन यांनी ती कल्पना दहा वर्षे सोडली नाही. 17 मे 1928 रोजी क्लॉनकरीहून पहिले उड्डाण झाले; विमान आणि वैमानिक क्वांटास या विमान कंपनीचे, डॉक्टर मिशनचा. वैमानिकापाशी ना रेडिओ, ना धड नकाशे. नद्या, कुंपणे आणि तारेचे खांब बघत वाट काढायची.

पण डॉक्टर हवा आहे हे कळवायचे कसे? माझ्या मते विमानाइतकेच मोठे काम इथे आल्फ्रेड ट्रेगर यांनी केले. 1929 मध्ये त्यांनी पायाने पॅडल मारून चालवायचा रेडिओ संच तयार केला. वीज नसलेल्या घरातली बाई पॅडल मारत शेकडो किलोमीटरवरच्या डॉक्टरला निरोप धाडू लागली. अडलेल्या बाईचा निरोप आज वैमानिकापर्यंत पोचतो, तो याच परंपरेतून.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा विमान चालवणारी शेकडो तरुण मंडळी हाताशी होती. 20 मे 1945 रोजी अमेरिकेत काही ख्रिस्ती वैमानिकांनी एक संस्था स्थापन केली. तीच पुढे ‘मिशन एव्हिएशन फेलोशिप’ म्हणून ओळखली गेली. तिचे पहिले उड्डाण एका स्त्रीने केले, हे आवर्जून सांगायला हवे. युद्धकाळातल्या महिला वैमानिक दलात काम केलेल्या बेटी ग्रीन 23 फेब्रुवारी 1946 रोजी वाको बनावटीचे विमान घेऊन कॅलिफोर्नियाहून मेक्सिकोकडे निघाल्या. त्याच वर्षी त्यांनी पेरूमध्ये अँडीज पर्वत ओलांडला. 1948 मध्ये जॅक हेमिंग्ज आणि स्टुअर्ट किंग हे ब्रिटिश वैमानिक आफ्रिकेच्या पाहणीला निघाले. बुरुंडीत त्यांचे विमान कोसळले, दोघे बचावले, आणि दोन वर्षांनी सुदानमध्ये विमानसेवा सुरू झाली.

1948 मध्येच याच फेलोशिपचे अमेरिकन वैमानिक नेट सेंट इक्वेडोरला पोचले. शेल या तेल कंपनीच्या तळावरून नाव पडलेल्या शेल मेरा गावी त्यांनी मुक्काम ठोकला. जंगलातल्या ज्या ठाण्यांवर पायी जायला दिवस लागत, तिथे ते काही मिनिटांत पोचत. धावपट्टी नसेल तिथे ते लांब दोरीला बादली बांधून आकाशात लहान घिरट्या घालत. दोरीच्या टोकाची बादली जमिनीजवळ जवळपास स्थिर राही आणि खालची माणसे तिच्यातून औषधे काढून घेत.

याच युक्तीने ऑक्टोबर 1955 पासून त्यांनी तिथल्या जंगलातल्या वाओरानी या आदिवासी लोकांकडे भेटवस्तू सोडल्या. बाहेरच्यांशी या लोकांचे हाडवैर होते. जानेवारीत सेंट आणि चार सहकारी कुरारे नदीच्या वाळूवर उतरले. 6 तारखेला तिघे वाओरानी भेटीला आले आणि त्यांच्यातला एक जण विमानातूनही फिरला. 8 जानेवारी 1956 रोजी पाचही जण भाल्यांनी मारले गेले. सेंट 32 वर्षांचे होते. 1958 मध्ये त्यांची बहीण रेचेल आणि मृतांपैकी एकाची पत्नी एलिझाबेथ एलियट त्याच लोकांमध्ये राहायला गेल्या.

या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण वाओरानींना हा संपर्क हवा होता का, हेही विचारलेच पाहिजे. 1969 मध्ये संपर्कानंतर वसलेल्या त्यांच्या नव्या वस्तीत पोलिओची साथ आली. त्यांच्या जंगलात तेल कंपन्याही आल्या.

विमानेही बदलत गेली. दुर्गम भागात पिस्टन इंजिनाचे पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा मिशन संस्थांच्या आर्थिक मदतीने अमेरिकेत कोडिअॅक 100 हे टर्बाइन इंजिनाचे विमान घडले. 2007 मध्ये त्याला मान्यता मिळाली. पूर्ण भरलेले असतानाही ते सुमारे 300 मीटरांत जमीन सोडते, आणि त्याच्या टाकीत जेट इंधन चालते.