हेअर कार्ड की स्ट्रँड? पेशवेकालीन व्यक्तिरेखेचे केस घडवताना

संगणकावर ऐतिहासिक वेशातली मानवी व्यक्तिरेखा घडवताना चेहरा आणि कपडे मार्गी लागले, तरी काम केसांपाशी येऊन अडते. तिथे दोन पद्धतींची हमखास गल्लत होते. एकीला हेअर कार्ड म्हणतात, दुसरीला स्ट्रँड किंवा ग्रूम. लहान आकाराच्या चित्रात दोन्ही सारख्याच दिसू शकतात, आणि ‘स्ट्रँड म्हणजे खरे केस, कार्ड म्हणजे स्वस्तातली तडजोड’ हा समज सरसकट पसरलेला आहे. पेशवाईतली स्त्री किंवा पुरुष उभा करायचा असेल, तर या समजापायी बरीच मेहनत भलत्याच जागी खर्च होते.

हेअर कार्ड म्हणजे डोक्यावर कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या चपट्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर केसांच्या झुबक्याचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेले चित्र, असते आणि त्याचा अल्फा, म्हणजे पारदर्शकतेचा नकाशा, केसांमधली मोकळी जागा अदृश्य करतो. संगणकातला आकार ज्या त्रिकोणांनी बनतो, तशा काही हजार त्रिकोणांत अख्खे डोके तयार होत असल्याने व्हिडिओ गेममध्ये ही पद्धत रुळली. स्ट्रँड पद्धतीत प्रत्येक केस ही स्वतंत्र वक्ररेषा असते. कलाकार प्रत्यक्ष विंचरतो ते काही शेकडे गाइड केस. त्यांच्या मधले बाकीचे केस संगणक भरतो. माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात, म्हणजे एकेका केसाला २० बिंदू धरले तरी हिशेब २० लाख बिंदूंवर जातो.

सर्वांत मोठा घोटाळा चकाकीबाबत होतो. केस जिवंत दिसले की श्रेय स्ट्रँडला दिले जाते. वास्तविक ते बरेचसे शेडरचे, म्हणजे पृष्ठभागावर प्रकाश कसा वागेल हे ठरवणाऱ्या गणिताचे असते. २००३ साली स्टीफन मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या प्रारूपात केसावर पडलेल्या प्रकाशाच्या तीन वाटा धरल्या आहेत: पृष्ठभागावरून परतणारा पांढरट प्रकाश, केसातून आरपार जाणारा प्रकाश, आणि आत शिरून मागच्या भिंतीवरून परतणारा, केसाचा रंग घेऊन आलेला प्रकाश. अनरियलसारख्या गेम इंजिनात याच गणितावर आधारलेला शेडर कार्डांनाही लावता येतो. रंगाचेही तसेच आहे. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रिन्सिपल्ड हेअर शेडरमध्ये तो मेलॅनिन या केसांतल्या रंगद्रव्याच्या प्रमाणातून देता येतो. त्याऐवजी नुसता गडद काळा भरला, तर उन्हात काळ्या केसांना येणारी तांबूस झाक नाहीशी होते आणि मग कितीही लाख केस उगवले तरी डोक्यावर टोप बसवल्यासारखा दिसतो.

खरा फरक तीन ठिकाणी पडतो: केस कपाळाच्या कातडीतून उगवतो ती रेषा, डोक्याची बाह्यरेखा, आणि केसांची एकमेकांवर पडणारी सावली. कार्ड कडेने पाहिले की पातळ रेघ होऊन जाते, आणि सावलीचा बराचसा भाग त्याच्या टेक्स्चरमध्ये आधीच भरून ठेवावा लागतो. स्ट्रँडचा त्रास वेगळा. केसाची जाडी सुमारे ०.०७ मिमी असते. १०८० पिक्सेल उंचीच्या चौकटीत २३ सेंमी उंचीचे डोके काठोकाठ बसवले, तरी एका पिक्सेलच्या वाट्याला ०.२ मिमीहून थोडे अधिक येते. केस पिक्सेलपेक्षा बारीक ठरल्यामुळे प्रत्येक पिक्सेलमध्ये प्रकाशाचे पुरेसे नमुने न घेता रेंडर केलेले, म्हणजे संगणकाने अंतिम रेखाटलेले, चलचित्र लुकलुकत राहते.

आता नऊवारीतली स्त्री घ्या. तिचे केस तेल लावून, मधोमध भांग पाडून, चापूनचोपून मागे नेलेले आहेत आणि मानेवर अंबाडा आहे. तेलाने केस एकमेकांना चिकटतात, त्यांचे सपाट पदर होतात आणि चकाकी अरुंद पट्ट्यात एकवटते. कार्डांनी जे सहज साधते, ते हेच. स्ट्रँडने तोच परिणाम आणायचा तर झुबके घट्ट करणे, कुरळेपणा जवळजवळ शून्यावर आणणे, रफनेस (चकाकी पसरवणारा खडबडीतपणा) उतरवणे ही सगळी कामे मुद्दाम करावी लागतात. तयार ग्रूम बहुधा धुतलेल्या, फुललेल्या केसांच्या हिशेबाने बनवलेले असतात आणि तसेच वापरले तर बाई नुकतीच न्हाऊन आल्यासारखी दिसते. मात्र भांगाची कड, कपाळावरचे बारीक केस आणि कानापाशी सुटलेली बट ही स्ट्रँडचीच कामे आहेत. तिथे कार्डाचे बिंग लगेच फुटते.

अंबाड्याचा प्रश्न आणखी निराळा आहे. डोक्यावरून निघालेले गाइड केस गुंडाळत नेले, तर शेजारच्या वळशांमधले भरणीचे केस भलत्याच बाजूला ओढले जातात. म्हणून अंबाडा स्वतंत्र घन आकार म्हणून बनवावा, त्यावर वळणाच्या दिशेने कार्डे बसवावीत आणि कडेला मोजके सुटे केस सोडावेत. राखडी किंवा मूद ही केसांतली आभूषणे बसायलाही असा पक्का पाया लागतोच.

पुरुषाच्या बाबतीत वाद जवळजवळ मिटतो. पेशवाईतल्या ब्राह्मणाचे डोके शेंडी-घेरा सोडून भादरलेले असे आणि वर पगडी. पगडीखालचे केस घडवणे व्यर्थ आहे. भादरलेल्या भागाचे खुंट त्वचेच्या टेक्स्चरमध्येच उत्तम उतरतात. स्ट्रँड राखून ठेवावेत ते भुवया आणि मिशीसाठी, कारण तिथला केस आखूड, जाड आणि कॅमेऱ्याच्या अगदी समोर असतो.

स्त्रीने डोक्यावर पदर घेतला असेल, तर आधी पदराचे सिम्युलेशन, म्हणजे कापडाच्या हालचालीची संगणकी नक्कल, करून तो नीट बसू द्यावा आणि मगच त्याच्याखालचे केस काढून टाकावेत, नाहीतर ते कापडातून वर डोकावतात. पदराच्या कडेआत बोटभर केस मात्र राखावेत, म्हणजे मान वळवताना उघडे कातडे दिसत नाही. एवढे केल्यावर समोर उरलेला भाग इतका थोडा असतो, की तो संपूर्ण स्ट्रँडने केला तरी साध्या यंत्रालाही झेपतो.