घरी बांधलेली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी : व्यवस्थापन व संरक्षण

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजेच एलएफपी रसायनाचे सुटे सेल जोडून स्वतः बांधलेल्या पॅकचे चार्जिंग, सेलमधला समतोल (सगळ्या सेलचा चार्ज सारखा असणे) आणि सुरक्षितता सांभाळण्याची पद्धत. सौरऊर्जेची साठवण, इन्व्हर्टर, नौका यांसाठी असे पॅक बांधले जातात. हे कॅथोडद्रव्य, म्हणजे सेलच्या धन टोकाचे द्रव्य, टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधनिबंधातून मांडले. त्यातला फॉस्फरस-ऑक्सिजन बंध घट्ट असल्याने सेल तापला तरी ऑक्सिजन सहजी सुटत नाही आणि पेट घेण्याची शक्यता कमी राहते. मात्र ‘ही बॅटरी पेटतच नाही’ हा समज घातक आहे. आतले इलेक्ट्रोलाइट ज्वलनशीलच असते. अतिचार्ज झालेला सेल फुगतो आणि ज्वालाग्राही वायू सोडतो.

सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.२, वरची मर्यादा ३.६५ आणि खालची २.५ व्होल्ट. सिरीजमध्ये चार सेल जोडले की १२.८, सोळा जोडले की ५१.२ व्होल्टचा पॅक होतो. चार्जर फक्त बेरीज पाहतो. १४ व्होल्ट दिसले म्हणून प्रत्येक सेल ३.५ वर असेलच असे नाही. तीन सेल ३.४ वर आणि चौथा ३.८ वर असला तरी बेरीज तीच येते. म्हणून प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवणारी बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, लागते. मर्यादा ओलांडली की ती मॉसफेट या इलेक्ट्रॉनिक स्विचद्वारे प्रवाह तोडते.

बीएमएस हा शेवटचा बंदोबस्त आहे, रोजचा चार्जिंग-नियंत्रक नव्हे. चार्जर प्रति सेल ३.४५ ते ३.५ व्होल्टवर आपणहून थांबेल असाच लावावा. मॉसफेट कधीकधी शॉर्ट होऊन निकामी होतात. मग प्रवाह तुटतच नाही. मोठ्या सेलचा शॉर्ट सर्किट करंट हजारो अँपिअर असतो आणि साध्या फ्यूजमध्ये ठिणगीची कमान पेटती राहू शकते. त्यामुळे बॅटरीजवळच, एवढा मोठा करंटही तोडू शकणारा क्लास टी प्रकारचा फ्यूज हवा. यात काटकसर नको.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते समतोलाकडे. मधल्या टप्प्यात व्होल्टेज जेमतेम हलते, त्यामुळे सेल ३.४ व्होल्टच्या वर गेल्यावरच त्यांच्यातला फरक नीट दिसतो. किती चार्ज उरला हेही व्होल्टेजवरून कळत नाही. त्यासाठी शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा अगदी कमी रोधाचा रोधक) लावून अँपिअर-तास मोजतात. २८० अँपिअर-तासांच्या सेलमध्ये ५ टक्के फरक म्हणजे १४ अँपिअर-तास. १०० मिलिअँपिअरने समतोल साधणाऱ्या बीएमएसला त्यासाठी १४० तास लागतील, आणि तेही सेल वरच्या टोकाला असतानाच. यावर उपाय बांधणीआधीचा : सगळे सेल पॅरललमध्ये जोडून ३.६५ व्होल्टवर, करंट जवळजवळ शून्यावर येईपर्यंत चार्ज करणे. घाईने व्होल्टेज वाढवल्यास सेल कायमचे बिघडतात.

शून्य अंश सेल्सिअसखाली चार्जिंग करू नये. ॲनोडवर, म्हणजे सेलच्या ऋण टोकाच्या द्रव्यावर, धातुरूप लिथियम साचते आणि ते नुकसान भरून निघत नाही.

प्रिझमॅटिक, म्हणजे चौकोनी डब्यासारख्या सेलचे ॲल्युमिनियम कवच विद्युतदृष्ट्या अलिप्त धरू नये. दोन सेलमध्ये इन्सुलेशनची शीट घालावी. ॲल्युमिनियम टर्मिनलवरचा ऑक्साइडचा थर घासूनच बसबार (सेल जोडणारी धातूची पट्टी) बसवावा. ढिला बोल्ट तापतो, शिवाय बीएमएसची दिशाभूल करतो : लोड असताना एकाच सेलचे व्होल्टेज घसरून लोड काढताच जागेवर आले, तर सेल बदलण्याआधी त्याचा बोल्ट तपासावा.