कूलरचा करंट आणि हृदयाची थरथर

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की पत्र्याचे कूलर जोरात चालू होतात आणि कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्याही येऊ लागतात. अंगावर भाजल्याची खूण अनेकदा नसतेच. मग जीव जातो कशाने?

१८५० मध्ये लुडविग आणि होफा या संशोधकांनी कुत्र्याच्या हृदयाला वीजप्रवाह दिला, तेव्हा हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले. अशा हृदयातून रक्त पुढे जातच नाही. पुढे १८९९ मध्ये जिनेव्हात प्रेव्हो आणि बातेली या संशोधकांना दिसलं की कमी दाबाची वीज ही थरथर सुरू करते, तर जबर धक्का ती थांबवतो. आजचं डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा धक्का देऊन ही थरथर थांबवणारं यंत्र, यातूनच आलं. पण माणसाच्या हृदयावर तो धक्का यशस्वी व्हायला १९४७ उजाडलं.

प्रत्येक ठोक्यात एक नाजूक क्षण असतो. ईसीजीच्या आलेखात ‘टी’ नावाची लहर उमटते त्या वेळी हृदयाचे काही स्नायू सावरलेले असतात, काही नसतात. नेमका तेव्हा प्रवाह आला की ताल विस्कटतो. शॉक एका ठोक्याहून जास्त वेळ टिकला, तर हा क्षण चुकत नाही. आणि तो टिकतोच, कारण साधारण १० ते १६ मिलीअँपिअरला हाताची मूठ आवळते. ‘करंटने धरून ठेवलं’ म्हणतात ते हेच. धरतात खरं तर आपलेच स्नायू.

आता कूलरचा हिशेब. ओलं अंग, अनवाणी पाय, ओली फरशी: शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० व्होल्टला २३० मिलीअँपिअर! पंपाची वायर सोललेली आणि अर्थिंग नसलेलं, एवढं पुरे. ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह गेला की वीज तोडणारा स्विच) यावर पडत नाही. तो वायरिंग वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा स्विच) लागतो. तरी टाकीत पाणी भरताना प्लग काढलेलाच बरा.

कुणी चिकटलंच तर आधी मेन स्विच बंद, मगच हात लावायचा. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची.

घरगुती शॉकनंतर शुद्ध गेली नसेल, छातीत दुखत नसेल आणि ईसीजी नॉर्मल असेल, तर उशिरा ताल बिघडणं क्वचितच घडतं. म्हणून पूर्वीसारखं सरसकट २४ तास मॉनिटरवर ठेवत नाहीत. हाय टेन्शन लाइनचा शॉक असेल तर मात्र ठेवतातच.