ओडेम: एका जर्मन शब्दामागचा इतिहास

जर्मन शिकताना बी१, बी२ या मधल्या पातळ्यांपर्यंत श्वासाला ‘आटेम’ एवढा एकच शब्द येतो आणि त्यावर सगळं भागतं. धाप लागली, दम घेतला, श्वास रोखून धरला, सगळीकडे आटेमच. मग पुढे कधीतरी जुनी कविता वाचायला घेतली किंवा बाख या जर्मन संगीतकाराची एखादी रचना शब्दांसकट ऐकायला घेतली की ‘ओडेम’ समोर येतो. डिक्शनरीत बघावं तर अर्थ श्वास, आणि पुढे काव्यात्म किंवा उच्च शैली असं काहीतरी लिहिलेलं. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि डोक्यात बसतं की ओडेम म्हणजे मूळचा जुना शब्द असणार आणि आटेम हे त्याचं आजचं रूप. पण प्रकार नेमका उलटा आहे आणि तो समजला की हा शब्द कुठे वापरायचा नि कुठे नाही हे वेगळं पाठ करावं लागत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

दोन्ही शब्द खरं तर एकच. जुन्या हाय जर्मनमधे, म्हणजे साधारण ८व्या ते ११व्या शतकात, हा शब्द ‘आटुम’ होता आणि मधल्या काळात त्याचा ‘आटेम’ झाला, सुरुवातीचा आ चांगला लांब. पुढे जर्मनीच्या बऱ्याच बोलींमधे हा लांब आ हळूहळू ओ कडे सरकला. हे काही या एकाच शब्दाचं झालेलं नाही, चंद्राला आज जर्मनमधे ‘मोंड’ म्हणतात तो आधी ‘माने’ होता, ‘शिवाय’ या अर्थाचा ‘ओने’ आधी ‘आने’ होता, ‘कुठे’ विचारणारा ‘वो’ आधी ‘वा’ होता. त्यात मध्य जर्मनीतल्या बोलींना कडक ट मऊ करून ड सारखा बोलायची सवय, सॅक्सनीतल्या लोकांच्या बोलण्यात हे आजही ऐकू येतं. तर आ चा ओ झाला, ट चा ड झाला आणि आटेमचा ओडेम झाला. मोंड, ओने, वो या शब्दांमधे प्रमाण भाषेने बोलीतला ओ स्वीकारला, पण श्वासाच्या बाबतीत तिने जुना आ च ठेवला. म्हणजे कानाला जुनाट वाटणारा ओडेम हा उच्चाराने नवा आणि रोजच्या वापरातला आटेम जुना!

मग बोलीतला हा शब्द एवढा भारदस्त कसा झाला? तर बायबल जर्मनमधे आणणाऱ्या मार्टिन लुथर या धर्मसुधारकामुळे. लुथरचा जन्म १४८३ मधे आइसलेबेनला, म्हणजे याच मध्य जर्मन पट्ट्यातला माणूस. वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहावं लागलं तेव्हा त्याने नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचं भाषांतर सुमारे ११ आठवड्यांत केलं, ते १५२२ च्या सप्टेंबरमधे छापून आलं, आणि जुन्या करारासकट पूर्ण बायबल १५३४ मधे विटेनबर्गला निघालं. भाषांतराबद्दल त्याने १५३० मधे एक खुलं पत्र लिहिलंय, त्यात तो म्हणतो की जर्मन कशी बोलायची हे लॅटिनच्या अक्षरांना विचारू नका, घरातल्या आईला विचारा, गल्लीतल्या पोरांना विचारा, बाजारातल्या साध्या माणसाला विचारा आणि ते कसे बोलतात ते नीट बघा. असा आग्रह असलेल्या माणसाच्या बायबलमधे श्वासाला ओडेम आला तो जडजंबाल दिसावा म्हणून नाही, त्याच्या भागात लोक तसंच बोलत होते म्हणून आला. मला या शब्दाच्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, की तो जन्माने उच्च शैलीतला नाही, त्याला ती जागा नंतर मिळाली.

कशी मिळाली तेही बघा. हा शब्द बायबलच्या पहिल्याच पानांवर येतो, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, देव मातीचा माणूस घडवतो आणि त्याच्या नाकात प्राण फुंकतो तिथे. हिब्रूत तिथे ‘नेशामा’ आहे आणि लुथर बायबलमधे ओडेम. स्तोत्रसंहितेचा शेवट, म्हणजे १५०व्या स्तोत्राची शेवटची ओळ, तीही यावरच: ‘आलेस, वास ओडेम हाट, लोबे डेन हेर्न’, ज्याच्यात ज्याच्यात श्वास आहे त्याने परमेश्वराची स्तुती करावी. यहेज्केलच्या पुस्तकात वाळलेल्या हाडांच्या खोऱ्यात देव हाडांमधे जीव घालतो, तिथेही ओडेम. आता हे उतारे पिढ्यानपिढ्या चर्चमधे, शाळेत, घरात मोठ्याने वाचले गेले आणि तिकडे लिहिण्याची प्रमाण भाषा आटेमवर स्थिर होत गेली, त्यामुळे बाजारात नि दवाखान्यात आटेम राहिला आणि ओडेम फक्त देवाच्या, सृष्टीच्या, जीव येण्याजाण्याच्या संदर्भात कानावर पडायला लागला. आपल्याकडे कान आणि कर्ण अशा जोड्या असतात, पण त्यात कर्ण सरळ संस्कृतातून घेतलेला. इथे दोन्ही शब्द घरचेच, फरक फक्त कुठे ऐकू आले याचा.

संगीताने हे अजून पक्कं केलं. बाखच्या ‘झिंगेट डेम हेर्न’ या मोटेटचा, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या धार्मिक गीताचा शेवट याच १५०व्या स्तोत्राच्या ओळीवर होतो, १७८९ मधे मोझार्ट लाइपझिगला आला होता तेव्हा त्याला हे मोटेट तिथल्या थोमास शाळेच्या मुलांनी गाऊन दाखवलं होतं. पुढे १८४० मधे छपाईच्या शोधाला ४०० वर्षं झाली म्हणून लाइपझिगमधे मोठा उत्सव झाला आणि त्यासाठी मेंडेल्सझोन या संगीतकाराने ‘लोबगेझांग’ (स्तुतिगीत) लिहिलं, त्यातही कोरस सुरू होतो तो याच ओळीने. छपाईने घरोघर पोचवलेला शब्द छपाईच्याच उत्सवात गायला गेला, हे मला फार आवडतं. आजही २०१७ च्या सुधारित लुथर बायबलमधे ओडेम तसाच ठेवलाय, पण कॅथलिक लोकांचं जे आइनहाइट्स भाषांतर आहे त्यात त्याच स्तोत्रात ‘आलेस, वास आटमेट’ म्हणजे ‘जे जे श्वास घेतं ते’ असं साधं क्रियापद आहे. अर्थ तोच, पण दोन्ही मोठ्याने वाचून बघा, पहिल्यात जरा थबकायला होतं.

आता व्याकरण, त्यात फार काही नाहीये. पुल्लिंगी, डेर ओडेम. षष्ठीला डेस ओडेम्स, चतुर्थी डेम ओडेम, द्वितीया डेन ओडेम. अनेकवचन नाही. आटेमचंही अनेकवचन नसतं, श्वास मोजायचे असले तर ‘आटेमझ्यूगे’ म्हणतात. ओडेमवरून क्रियापदही होत नाही, आटेमवरून ‘आटमेन’ (श्वास घेणे) आहे पण ओडेमपासून तसं काही नाही. उत्पत्तीतलं ते एक वाक्य पाठ केलं तरी बरंच काम होतं: ‘उंड ब्लीस ईम डेन ओडेम डेस लेबेन्स इन झाइने नाझं’. ईम म्हणजे त्याला, चतुर्थी. डेन ओडेम हे कर्म, द्वितीया. डेस लेबेन्स म्हणजे जीवनाचा, षष्ठी, आणि ओडेमच्या मागे अशी षष्ठी लागलेली फार वेळा दिसते. शेवटी ‘इन’ नंतर परत द्वितीया, कारण श्वास नाकात जातोय, नाकात नुसता असलेला नाही. माझ्या मते विभक्त्यांचा कोरडा तक्ता घोकण्यापेक्षा हे एक वाक्य दहा वेळा म्हटलेलं बरं.

वापराचं म्हणाल तर ठरलेल्या वाक्प्रचारात ओडेम अजिबात चालत नाही. धाप लागणे म्हणजे ‘आउसर आटेम’, दम घेणे म्हणजे ‘आटेम होलेन’, तिथे ओडेम घातला तर समोरचा बघतच राहील. परीक्षेच्या निबंधातही नको. कवितेत, प्रार्थनेत, भाषणात, आणि लेखक जेव्हा एखाद्या गोष्टीत जीव फुंकला असं मुद्दाम गंभीरपणे सांगतो तेव्हा तो शोभतो.

मराठी माणसाला या शब्दाशी अजून एक जवळचं नातं आहे. आटेम नि ओडेम ज्या मुळातून आले त्याच मुळातला संस्कृत ‘आत्मन्’ मानतात, आणि त्याचाही जुना अर्थ श्वासच. ऋग्वेदाच्या १०व्या मंडलातलं अंत्यविधीचं सूक्त आठवा, ‘सूर्यं चक्षुर्गच्छतु वातमात्मा’, डोळा सूर्याकडे जावो आणि आत्मा वाऱ्याकडे, तिथे आत्मा म्हणजे श्वास घेतला की ओळ लख्ख कळते. आणि हाच आत्मन् प्राकृतात ‘अप्पण’ होऊन आपल्याकडे ‘आपण’ झाला, म्हणजे आपण रोज शंभर वेळा बोलतो तो शब्द ओडेमचा लांबचा नातेवाईक निघतो. अ‍ॅटमॉस्फिअर मधला ‘अ‍ॅटमॉस’ मात्र बरेच जण या यादीत घालतात, तो दिसायला सारखा असला तरी अभ्यासक त्याचं मूळ वेगळं धरतात, तेव्हा तो यात घालू नका.

एक सावधगिरी, ही खास टाइप करणाऱ्यांसाठी. जर्मनमधे ओ वर दोन टिंबं दिलेला एक वेगळाच शब्द आहे, त्याचा अर्थ अंगावरची सूज, आपले डॉक्टर इडिमा म्हणतात तो. मूळ ग्रीक, नपुंसकलिंगी, त्याला अनेकवचनही आहे आणि जोर दुसऱ्या अक्षरावर येतो. ओडेममधे जोर पहिल्या ओ वर आणि शेवटचा ए अगदी पुसट. टिंबं न देता सर्च केलं की फुप्फुसात पाणी झाल्याची मेडिकल पानं समोर येतात, तेव्हा सर्च करताना आधी ‘डेर’ लावा, सुजेचा शब्द ‘डास’ वाला आहे.