शनिवारवाडा, चहा आणि न्यूटनचा तिसरा नियम

शनिवारवाडा बघायला आलेल्या पाहुण्यांना नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट सांगताना कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘करावं तसं भरावं! न्यूटनचा तिसरा नियमच आहे तो.’’ मला हा त्या नियमावर अन्याय वाटतो.

प्रत्येक क्रियेला तितकीच उलट प्रतिक्रिया असते, एवढंच तो नियम सांगतो. टेबलावरचं पुस्तक टेबलाला जितकं खाली दाबतं, तितकंच टेबल पुस्तकाला वर रेटतं. आणि तेही त्याच क्षणी. तारीख पडत नाही, साक्षीपुरावे लागत नाहीत. शिवाय ही दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर असल्यामुळे एकमेकांना खोडून काढत नाहीत. शिक्षेनं गुन्हा फिटतो, हे या नियमातून काही केल्या निघत नाही.

भौतिकशास्त्राकडूनच काही घ्यायचं तर मी उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचा, दुसरा नियम घेईन. अमृततुल्यात चहात दूध पडलं की ते पुन्हा वेगळं होत नाही. प्रत्येक रेणूच्या हालचालीचे नियम उलटे चालवले तरी चालतात. पण दूध आणि चहा वेगवेगळे राहतील अशा रचना मोजक्या आणि मिसळलेल्या रचना अगणित. म्हणून गाडी एकाच दिशेनं जाते. 30 ऑगस्ट 1773 ला झालेला नारायणरावांचा खून, तोही कुठल्याही निकालानं मागे फिरणारा नव्हता.

मग ‘फिट्टंफाट’ व्हावी असं आपल्याला इतकं आतून का वाटतं? मनोविश्लेषक फ्रॉइडनं 1921 मध्ये दिलेलं उत्तर जरा झोंबणारं आहे. धाकटं भावंड आलं की थोरल्याला मत्सर वाटतो. पण धाकट्याला दुखवलं तर आईबापांचं प्रेम जाईल, म्हणून थोरला तडजोड करतो: मला जास्त नाही ना, मग कुणालाच जास्त नको. बाकरवडी वाटताना शेवटच्या तुकड्यावर दोन मुलांचे डोळे कसे खिळतात ते आठवा. समतेची मागणी ही वेश पालटलेली असूया आहे, असा त्याचा दावा. हे प्रयोगानं सिद्ध झालेलं नाही, आणि मला ते अर्धंच पटतं. कारण स्वतःचं काहीही जात नसताना परक्यासाठी भांडणारी माणसंही असतात.

1932 मध्ये आइन्स्टाइननं याच फ्रॉइडला पत्र लिहिलं होतं: माणसाला युद्धापासून सोडवायचा काही मार्ग आहे का? कायदा आणि बळ यांची जोडी सुटत नाही, हे आइन्स्टाइननंच त्यात मान्य केलं होतं. फ्रॉइडनं उत्तरात ‘बळ’ऐवजी ‘हिंसा’ हा आणखी उघडा शब्द सुचवला. त्याच्या मते कायदा म्हणजे एकट्याच्या हिंसेपुढे उभं राहिलेलं समूहाचं बळ.

हे वाचताना मला पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे आठवतात. नारायणरावांच्या खुनाबद्दल त्यांचे काका राघोबादादा यांना रामशास्त्रींनी देहान्त प्रायश्चित्त, म्हणजे मृत्यूची शिक्षा, सांगितलं, पण निकाल अमलात आणायची सत्ता होती ती दोषीच्याच हाती. शास्त्रीबुवांनी पुणं सोडलं. पुढे बारभाई, म्हणजे राघोबादादांविरुद्धचे कारभारी, एकत्र आले, राघोबादादांची गादी गेली, आणि मग शास्त्रीबुवा न्यायाधीशाच्या जागी परतले. देहान्त प्रायश्चित्त मात्र कधीच झालं नाही.