चित्र बघितल्यावर दुखणं कमी का होतं?

'पेशंटच्या खोलीत अमुक रंगाचं हीलिंग पेंटिंग लावा, त्याच्या व्हायब्रेशन्सनी जखम लवकर भरते' असले फॉरवर्ड अधूनमधून येतच असतात. चित्रातून कसलीही व्हायब्रेशन्स निघत नाहीत, आणि घरात आजारपण असताना घाबरलेल्या लोकांच्या गळ्यात असल्या महागड्या फ्रेम मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. यांच्यामुळे यामागचं खरं सायन्सही बदनाम होतं.

१९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकाचा 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटासा पेपर आला. पेन्सिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलचे जुने रेकॉर्ड काढून त्यांनी पित्ताशय काढलेल्या पेशंट्सच्या २३ जोड्या लावल्या, वय-बिय शक्य तितकं सारखं, फरक फक्त खिडकीचा, एकाला बाहेर झाडं दिसायची तर दुसऱ्याला विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाल्यांना ८.७० दिवस लागले, आणि झाडंवाल्यांना स्ट्राँग पेनकिलरही कमी लागल्या. पेशंट फक्त ४६, तेव्हा यावर फार इमले बांधू नयेत, पण पेनकिलरचा मुद्दा मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो.

कारण जखमेतून निघालेला सिग्नल थेट मेंदूत जात नाही, आधी मेरुरज्जूच्या (स्पायनल कॉर्डच्या) मागच्या भागात तो एका न्यूरॉनकडून, म्हणजे चेतापेशीकडून, दुसऱ्याकडे जातो आणि तिथेच तो वाढवता किंवा दाबता येतो. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांची १९६५ ची गेट कंट्रोल थिअरी ती हीच. आणि या गेटवर वरून, म्हणजे मेंदूतूनही कंट्रोल असतो! मिडब्रेनमधला पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे नावाचा भाग मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलामार्फत खाली मेरुरज्जूकडे निरोप पाठवतो, मग तिथे आपल्याच शरीरातली ओपिऑइड्स, म्हणजे मॉर्फिनसारखी रसायनं, सुटतात, ती पहिल्या न्यूरॉनच्या टोकात कॅल्शियम शिरू देत नाहीत, कॅल्शियम नाही म्हणजे सिग्नल पुढे नेणारी ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही रसायनं नीट बाहेर पडत नाहीत, आणि पुढच्या न्यूरॉनपर्यंत सिग्नल पोचतो तो अर्धामुर्धा. ही ओपिऑइड्स न्यूरॉनवरच्या ज्या रिसेप्टर्सना चिकटतात, त्यांच्यावरच मॉर्फिनही काम करतं.

आता हा निरोप जाण्याचं एक कारण म्हणजे लक्ष दुसरीकडे गुंतणं. २०१२ मध्ये हॅम्बर्गच्या टीमने लोकांना चटका देताना अवघड मेमरी टास्क करायला लावला, तर एफएमआरआयमध्ये (कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) मेरुरज्जूतलाच प्रतिसाद कमी दिसला, आणि ओपिऑइड अडवणारं नॅलोक्सोन हे औषध दिल्यावर आराम सुमारे ४० टक्क्यांनी घटला. सिएटलमध्ये तर भाजलेल्या पेशंट्सना ड्रेसिंग बदलताना व्हीआरमधल्या (व्हर्च्युअल रिॲलिटीतल्या) बर्फात गोळे फेकायला देतात, तेही यासाठीच.

पण कुठलंही चित्र चालत नाही. स्वीडनमधल्या उप्सालाला हार्ट सर्जरी झालेल्यांसमोर पाणी-झाडांचं चित्र लावल्यावर चिंता कमी झाली, सरळ रेषांच्या अ‍ॅबस्ट्रॅक्ट चित्राने उलट वाढली, म्हणजे त्यापेक्षा चित्र नसलेलं बरं. आणि शेफिल्ड युनिव्हर्सिटीने २००८ मध्ये ४ ते १६ वयाच्या अडीचशेहून जास्त मुलांना विचारलं तेव्हा कळलं की हॉस्पिटलच्या भिंतीवरचे जोकर त्यांना अजिबात आवडत नाहीत, काहींना तर भीती वाटते. म्हणून मुलांचा वॉर्ड रंगवायला घ्याल तर आधी त्या मुलांनाच विचारा, आणि स्वतः कॉटवर आडवं पडून मग जागा ठरवा, कारण बऱ्याच पेशंटच्या नजरेसमोर भिंत नसतेच, छत असतं.