सायकलची साखळी : घरगुती निगा व ताण

पायडलवरचा जोर मागच्या चाकापर्यंत नेणाऱ्या साखळीची (बोलीत ‘चेन’) सफाई, तेलपाणी, ताण बसवणे आणि झीज तपासणे ही कामे घरच्या घरी होतात. पिन, तिच्यावरची बुश (बारीक नळी) व बुशभोवती फिरणारा रूळ अशी साखळी हान्स रेनोल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला सिद्ध केली. सायकलच्या साखळीत दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असते.

वापराने साखळी लांबते ती पिन व बुश झिजल्यामुळे. तेलात कालवलेली धूळ आत शिरून पॉलिश पेपरसारखी घासते. एकेका सांध्यातली मोकळीक नगण्य, पण सगळ्या सांध्यांची मिळून डोळ्यांना दिसेल इतकी होते. म्हणून सफाई आधी, तेल नंतर हा क्रम मोडू नये. मळक्या साखळीवर ओतलेले तेल मळच आत नेते.

रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यात साखळी धरून पायडल उलटे फिरवावे, फटींत जुना टूथब्रश चालवावा आणि साखळी पूर्ण वाळू द्यावी. मग खालच्या पदराच्या (दोन चक्रांमधल्या साखळीच्या खालच्या भागाच्या) आतल्या बाजूने प्रत्येक रुळावर तेलाचा एकच थेंब सोडावा, पायडल थोडा वेळ फिरवून बाहेरचे तेल पुसून काढावे. तेलाचे काम आत आहे. बाहेर राहिलेले तेल धूळ धरते. शिलाई मशीनचे तेल छान आत शिरते, पण पावसात लवकर धुऊन जाते. खोबरेल थंडीत गोठते, ते वापरू नये. पावसात भिजलेली साखळी त्याच दिवशी पुसून तेल द्यावे, नाहीतर गंजाने कड्या आखडतात.

बिनगियरच्या सायकलीत मागचे चाक सरकवून ताण बसवतात. दोन्ही बाजूंचे नट ढिले करून चाक मागे ओढावे. खालच्या पदराच्या मध्यावर बोटाने साखळी साधारण अर्धा इंच वरखाली हलली की ताण योग्य. पुढचे दातेरी चक्र क्वचितच अगदी गोल असते, त्यामुळे पायडल फिरवत साखळी जिथे सर्वांत घट्ट होते तिथेच हे माप घ्यावे. फार घट्ट साखळी पायडल जड करते आणि बेअरिंग झिजवते. सैल साखळी खड्ड्यात उतरते. नट एकदम एकाच बाजूने आवळल्यास चाक तिरके होते. ते थोडेथोडे आलटूनपालटून आवळावेत, टायर फ्रेमच्या दोन्ही नळ्यांपासून सारख्या अंतरावर ठेवावा. चाक सरकले की रिम दाबणारे ब्रेकचे रबर जागेवर राहत नाही. ब्रेक तपासल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणू नये.

साखळीची दोन टोके जोडणाऱ्या जोडकडीवरची क्लिप बसवताना तिची बंद बाजू साखळी वरच्या पदरात ज्या दिशेने धावते त्या दिशेला, म्हणजे पुढे हवी. उलटी बसवलेली क्लिप निघून पडू शकते.

झीज मोजायला पट्टी पुरते. नव्या साखळीत २४ कड्यांची लांबी १२ इंच भरते. ती १२ १/१६ इंच झाली की साखळी बदलावी. १२ १/८ पर्यंत चालवल्यास फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे) दातही झिजतात आणि त्यावर नवी साखळी जोर लावताच घसरते. मग दोन्ही एकदम बदलावे लागतात.

गियरच्या सायकलीत स्प्रिंगचा हात ताण आपोआप राखतो, तेथे सफाई, तेल आणि हे मोजमाप एवढेच काम उरते.